येते रे

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण माझी मावशी खोटं बोलत नाही. कापड कापताना चूक झाली तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारी बाई आहे ती. आणि हे घडलं मागच्या हिवाळ्यात, भरदुपारी, तिच्याच घरात.

मावशी घरी शिवणकाम करते. मामा, म्हणजे तिचा भाऊ, मागच्या खोलीत राहायचा. भोपळ्या हा त्याचा कुत्रा. दवाखान्यात जायला निघताना मामाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "येतो रे."

मामा परत आला नाही.

भोपळ्या मावशीच्या गळ्यात पडला. म्हातारा, त्यात ठार बहिरा. मागून हात लावला की दचकून अंगावर यायचा. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "कान गेलेत, पण पंजे शाबूत आहेत. जमीन लाकडी आहे ना? पाय आपटा. त्याला कळेल."

मावशीने शिकवणी सुरू केली. दोनदा पाय आपटला की ये. एकदा आपटला की बस. बक्षीस म्हणून उकडलेल्या अंड्याचा तुकडा.

शेजारीण हसायची. "आता या वयात कुठल्या परीक्षेला बसवतेस त्याला?"

पण भोपळ्या शिकला. सांधे धरलेले, तरी दोन ठोक्यांना उठून यायचा. मावशीला घरात तेवढाच सोबती उरला होता. त्याचे पाय चोळून दिल्याशिवाय ती झोपायची नाही.

त्या दुपारी ती मशीनवर बसली होती. अनवाणी. भोपळ्या शेजारी घोरत होता.

एकदम त्याने मान वर केली...

उठला. लंगडत मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेला.

मावशीने मशीन थांबवलं. तिने तर पाय आपटलाच नव्हता.

तेवढ्यात तिच्या तळव्यांना जाणवलं...

एक ठोका.

आवाज नाही. नुसती फळी हलली.

भोपळ्या खाली बसला. शेपूट हलवायला लागला.

मामा असेल, असं मावशीच्या मनात आलं. डोळे भरून आले. आणि मग तिला आठवलं.

ही खूण तर मामा गेल्यावर शिकवलेली. त्याला कशी ठाऊक?

म्हणजे शिकवणी चालू असताना कोणीतरी बघत होतं...

तिने जीव खाऊन पाय आपटला. दोनदा. भोपळ्या वळला. तिच्याकडे दोन पावलं आला.

फळी पुन्हा हलली.

दोनदा.

"नको रे. इकडे ये," मावशी म्हणाली. तिने अंड्याचा तुकडा पुढे केला.

भोपळ्याने तिच्याकडे पाहिलं. आणि तो आत गेला.

धीर गोळा करून ती दारापर्यंत पोचली, तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. भोपळ्या मामाच्या कॉटपाशी आडवा पडला होता. श्वास थांबलेला. दोन्ही कानांच्या मधले केस दबलेले होते, वरून कोणी हात ठेवावा तसे...

तिच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू वर आले.

संध्याकाळी शेजारणीच्या मदतीने त्याला घरामागे पुरलं. मावशी खूप रडली. आणि निघताना, आपण सगळेच म्हणतो तसं, तिच्या तोंडून सवयीने गेलं, "येते रे."

निघताना 'जाते' कोण म्हणतं?

आता मावशी घरात जाड चपला घालते. पण मशीनवर बसली की चपलांतूनही कळतं, म्हणते. दोन ठोके. थोडा वेळ थांबून पुन्हा दोन.

"भोपळ्याच बोलवत असेल गं," मी तिची समजूत घातली.

तिने दोन्ही पाय जमिनीवरून उचलून वर घेतले.

"तो तर बहिरा होता," ती म्हणाली. "मी 'येते' म्हटलेलं ऐकलं कोणी?"