अडवलेला निरोप

ज्ञानेश, तुझी तिसरी शिफ्ट ना? मग बस जरा, वेळ आहे. सुजित, तूही टेक. लाइट काही इतक्यात येत नाही. आणि उगाच दात काढू नका. ही गोष्ट ऐकीव नाही, शेखरची आहे. थेरगावला आमच्या खालच्या खोलीत भाड्याने राहायचा तो. आता डांगे चौकात मोबाइलची कव्हरं विकतो. एवढा शिकलेला माणूस कव्हरं का विकतो, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारायला हवं होतं.

शेखर चाकणला एका कंपनीत नेटवर्क बघायचा. मीही तिथेच, इलेक्ट्रिकलला. पत्रा दाबायचे मोठाले हिरवे प्रेस होते आमच्याकडे. चार नंबरवर रंगराव होता, मावळातला माणूस. डायमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्यात, हात घालायच्या आधी तो प्रेसच्या अंगावर थाप मारायचा, "थांब गं बाई" म्हणायचा आणि मगच स्टॉपचं बटण दाबायचा. पोरं चेष्टा करायची. तो म्हणायचा, "आरं, सांगितल्याबिगर कुनाच्या तोंडात हात घालू न्हाई."

त्याच प्रेसखाली रंगराव गेला. त्या दिवशी साहेब मागे उभे राहून घाई करत होते. बाकीचं सांगत नाही, तुमची जेवणं झालीत.

मग कंपनीने रंगरावच्या प्रेसला नवं पॅनेल बसवलं, जुन्याचा कॉम्प्युटर कुदळवाडीच्या भंगारात घातला. पण आतले प्रोग्राम पुढे लागतील, म्हणून त्याची जशीच्या तशी नक्कल मोठ्या सर्व्हरमध्ये ठेवली. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. त्याचा पोर्टही, म्हणजे नेटवर्कवर जायचं दारही, व्हर्च्युअल. वायर नाही, डबा नाही, तरी नेटवर्कवर ये-जा चालू. शेखरने समजावलं तेव्हा मी म्हणालो, "अंग नाही, पण येणं-जाणं आहे? आमच्या गावात ह्याला दुसरं नाव आहे, राव." तो खूप हसला. तेव्हा हसायचा तो.

पुढे चार नंबर मधूनच बंद पडायला लागला. फक्त रात्रपाळीत. बटणाला कुणी हात लावलेला नसायचा. नेटवर्कवरून थांबायचा निरोप यायचा, पण पाठवतंय कोण ते कळेना. माल लटकला. साहेबांनी शेखरला बजावलं, दसऱ्यापर्यंत शोध, नाहीतर घरी बस. घरी विजयश्रीला, म्हणजे त्याच्या बायकोला, सातवा महिना. शेखरची झोप उडाली.

त्याने फायरवॉलला नोंद ठेवायला लावली. फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या गेटवरचा वॉचमन समजा. कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं, कुणाचं नाव लिहायचं, हे त्याला नियमाने सांगावं लागतं. प्रेस बंद पडायचा आणि नोंद कोरीच्या कोरी. शेखर वेडा व्हायची पाळी आली.

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. सगळ्या मशिनींना झेंडूचे हार, हळदकुंकू. पूजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नसतं. माझ्या अख्ख्या नोकरीत त्या रात्री शॉप, म्हणजे मशिनींचा विभाग, कधी चालला नव्हता. त्या वर्षी साहेबांनी चालवायला लावला. चार नंबरचा हार काढून बाजूला ठेवला. मशीनवर कामरान उभा. आमच्या चांदभाई फिटरचा मुलगा, नुकतं लग्न झालेला. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो ना, तो माल लवकर निघावा म्हणून कधीचाच बायपास केलेला.

दोनच्या सुमाराला शेखरला आपली चूक सापडली. नोंद तो खऱ्या वायरच्या पोर्टवर लावत होता. निरोप त्या वाटेने येतच नव्हता. मग त्याने व्हर्च्युअल पोर्टवर नोंद लावली. लगेच एक ओळ उमटली.

निरोप रंगरावच्या पॅनेलच्या नकलेतून येत होता.

त्याने ती नक्कल तपासली... बंद होती. ठेवली तेव्हापासून कुणी चालूच केली नव्हती.

शेखर घाबरला. घाईघाईत नियम लिहिला, ह्या पोर्टवरून येईल ते सगळं अडव. आणि तो ठेवला सगळ्यात वर, नोंदीच्याही वर. वॉचमन नियम वरून खाली वाचतो. पहिल्याच ओळीला माणूस अडवला, की 'नाव लिही' ही खालची ओळ तो वाचतच नाही.

नोंद थांबली. प्रेस चालू. शेखरला वाटलं, मिटलं. नोकरी वाचली. त्याने शॉपमध्ये फोन लावला.

"कामरान, आता नाही बंद पडणार."

"शुकर आहे, शेखरभाई. थांबा हां, पत्रा अडकलाय. काढतो."

"मशीन बंद केलीस ना?"

"दोन सेकंदांचं काम आहे हो... रोजच तर..."

फोन चालूच होता.

धाड.

...

धाड.

मग माणसांचा आरडाओरडा. त्यात कामरानचा आवाज नव्हता.

शेखरने स्क्रीनकडे बघितलं. नोंद कोरी. पण अडवायच्या नियमाशेजारी एक आकडा असतो. कितीदा अडवलं त्याचा. तिकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

चाळीस.

थांब... थांब... थांब... कुणीतरी चाळीसदा सांगत होतं. आणि शेखरने दार लावून घेतलं होतं.

मयतीनंतर चांदभाईंनी सगळ्या पोरांना एकेक करून विचारलं. तेव्हा कळलं. आजवर प्रेस ज्या ज्या वेळी आपोआप थांबला होता, त्या त्या वेळी कुणाचा ना कुणाचा हात आत होता.

शेखर परत कामावर गेला नाही. त्या स्क्रीनचा त्याने फोटो काढला होता. मला पाठवला आणि स्वतःकडचा पुसून टाकला. मला काही पुसवत नाही. सर्व्हर मोडीत निघाला. प्रेस ताडपत्रीखाली पडून होता, तोही विकला आता. भोसरीला कुठल्यातरी वर्कशॉपने घेतला म्हणे.

काय म्हणालास, ज्ञानेश?

तुमच्याकडे?... परवाच आलाय? हिरवा... डाव्या अंगाला हळदीचे डाग?

...

बूट काढ. आज जायचं नाही. फोन मी करतो तुझ्या सुपरवायझरला. काढ म्हणतो ना!

सुजित, हा धर माझा मोबाइल. चष्मा नाही माझ्याकडे. तो फोटो उघड. आकडा वाच.

नीट वाच रे. चाळीस आहे तो. तीन वर्षं बघतोय मी.

...

पुन्हा वाच.

...

एक्केचाळीस?... ज्ञानेश, तुमच्या त्या प्रेसवर आत्ता कोण उभा आहे?