पोटातलं पाणी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्यांच्या बाबतीत हे घडलं, त्यांच्या घरी मी गेल्याच आठवड्यात जाऊन आलेय. जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून सांगते.

माझी मावसबहीण, आमची ताई. तेव्हा तिला सातवा महिना होता आणि घरात एक सवत होती.

सवत म्हणजे भाऊजींची गाडी. लाल, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. लग्नाआधी घेतलेली, तीही जुनीच. रंग उडालेला, दार दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही, पण भाऊजींचा सगळा जीव तिच्यात. "स्वतःपेक्षा तिला जास्त वेळा अंघोळ घालतात," असं ताई येईल त्याला सांगायची.

घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत नुसते खड्डे होते आणि गाडीचे शॉकअप पार बसलेले. प्रत्येक खड्ड्याला ताईच्या पाठीतून कळ जायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, या बाळाला धक्के नकोत. आधीचं बाळ राहिलं नव्हतं. त्यामुळे दोघंही धास्तावलेली.

भाऊजी त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेले. ताईही बरोबर होती.

"रेसिंगचा सेट टाकला तर गाडी दिसेल झकास," मिस्त्री म्हणाला, "पण तो कडक. खड्डा थेट मणक्यात. नाहीतर घरगुती गाडीचे मऊ शॉकअप वेल्डिंग करून बसवतो. वळणावर झोके खाईल, तेवढं सोसा. नाहीतर मग..."

त्याने फडक्याला हात पुसले.

"भंगारात हिच्याच मॉडेलची गाडी आलीय. स्प्रिंग, शॉकअप, सगळं कोरं करकरीत."

"मग अडलंय कुठे?"

"अडलं काही नाही, साहेब. एवढी कमी चाललेली गाडी भंगारात का आली, तेवढं कळत नाही."

भाऊजी हसले. "तिचंच तिला बसव."

"बसवतो. मग वहिनींच्या पोटातलं पाणी हलणार नाही."

पहिली फेरी दवाखान्याची. परतताना दिवस मावळत होता, दिवे अजून लागले नव्हते. भाऊजींनी मुद्दाम नव्या बायपासने गाडी घेतली. नुकतंच डांबर पडलेलं, रस्त्यावर खडासुद्धा नाही. ताईच्या मांडीवर पाण्याची अर्धी भरलेली बाटली होती.

धाड... धाड.

लागोपाठ दोन धक्के.

"खड्डा होता का हो?"

भाऊजींनी आरशात पाहिलं. मागे काळा, सपाट रस्ता.

जरा वेळाने आणखी एक धक्का.

आणि मग थरथर सुरू झाली. खडीवरून गाडी भरधाव नेल्यावर होते तशी. भाऊजींनी ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली.

गाडी थांबली.

थरथर थांबली नाही.

उभ्या गाडीत दोघं गदगदा हलत होती. मग सगळं डावीकडे कललं...

आणि मग काहीच नाही.

इंजिनचा आवाज नाही. बाहेरच्या वाऱ्याचा नाही. उंच पाळणा खाली येताना येतो, तसा ताईच्या पोटात गोळा आला. तिने खाली पाहिलं. बाटलीतलं पाणी वर चढून झाकणाला टेकलं होतं. तळ कोरडा. पाणी तिथेच थांबलं होतं... खाली येतच नव्हतं.

मग ते डुबकन खाली आलं आणि इंजिन ऐकू यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेली.

मिस्त्रीने गाडी वर उचलून नट न् नट तपासला. सगळं जागच्या जागी. "मी एक चक्कर मारून येतो," म्हणाला आणि बायपासकडे गेला.

परत आला तो चालत.

"गाडी कुठंय?"

"तिथंच उभी आहे. टोचन लावून ओढून आणू." त्याने स्टुलावर बसून पाणी मागितलं.

"तुलाही धक्के बसले?"

"धक्क्यांचं सोडा, साहेब. धक्के बसतात म्हणजे खाली रस्ता असतो." त्याने ताईकडे बघायचं टाळलं. "तिथं शेवटी रस्ताच नाहीये."

त्याच दिवशी त्याने ते सगळं काढलं आणि घरगुती गाडीचे मऊ शॉकअप बसवले. भाऊजी भंगारवाल्याकडे गेले. ती गाडी कोणाची, कुठून आली, आत कोण होतं... त्याला काही सांगता येईना. सांगाडा केव्हाच दाबून वितळवायला गेला होता.

पुन्हा बायपास. या वेळी लख्ख ऊन. गाडी वळणावर झोके खात होती, पण एक धक्का नाही. भाऊजींचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला.

"बघ, पोटातलं पाणी तरी हलतंय का?"

ताईचा हात पोटावर होता.



आतून दोन लाथा बसल्या होत्या. लागोपाठ.

जरा वेळाने... आणखी एक.

मग थरथर. तिच्या पोटात, तळहाताखाली. मग बाळ सगळंच्या सगळं डावीकडे सरकलं...

आणि मग काहीच नाही.

गाडी विकून टाकली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या, ठोके उत्तम. बाळ वेळेवर झालं. मुलगा. गोरागोमटा, हसरा, वजनही चांगलं. सवत गेली, पोरगा आला, आम्ही सगळे सुटलो असं म्हणालो.

गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा दुपारचं जेवण झालं होतं. दीड वर्षाचं पोर गादीवर झोपलेलं. मी ताईशी गप्पा मारत होते आणि तिची नजर मध्येच गादीकडे वळली.

झोपेत त्याचं अंग दचकलं. दोनदा.

मग एकदा.

मग तो थरथरायला लागला. डोळे मिटलेले, चेहरा शांत. डाव्या कुशीवर कलला. हातपाय हळूहळू पसरले...

आणि त्याचा श्वास थांबला.

मी किंचाळणार होते. ताईने नको अशी मान हलवली. तिने दोन्ही तळवे गादीवर, त्याच्या अंगाखाली सरकवले होते. भाऊजी दारात येऊन उभे राहिले होते. मधे पडायचं नाही, हे त्या दोघांना आता पाठ झालं होतं. सगळ्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. कोणाला काही सापडत नव्हतं.

बऱ्याच वेळाने पोराने श्वास घेतला आणि तोंडात अंगठा घालून झोपून गेला.

"हात कशाला धरतेस गं खाली?" मी विचारलं.

"पडतोय ना तो," ताई म्हणाली. "हल्ली जास्त वेळ पडतो. खाली पोचेल तेव्हा माझे हात असावेत, एवढंच."

तिने हात काढले नाहीत.