तिसऱ्या ओळीचं गौडबंगाल

"पुन्हा आले!" टिकली ओरडली आणि हातातलं ओलं फडकं तिनं बादलीत आपटलं.

काकडीच्या पानावर तेच बारीक पांढरट ठिपके! पान उलटून भिंग धरलं, तर खाली लाल कोळी निवांत रस पीत बसलेले. सुट्टीचे बारा दिवस ती, तिचा भाऊ लंबू आणि शेजारचा गोट्या मावशीच्या या बंद खोलीत, दिव्यांखाली वाढणाऱ्या वेलांची पानं पुसत होते. पाण्याचे फवारे झाले, कोळ्यांना खाणारे मित्रकिडे सोडून झाले. चार दिवस बरे जायचे, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या!

"सरळ औषध मारू या ना!" गोट्या वैतागला.

"म्हणजे मित्रकिडेही मरतील!" टिकली म्हणाली. "शिवाय मावशीनं गिऱ्हाइकांना बिनफवारणीच्या काकड्या द्यायचं कबूल केलंय. अकलेचे तारे तोडू नकोस!"

तेवढ्यात मावशी आली. पान बघून ती मटकन स्टुलावर बसली. "आता पुरे. या खेपेलाही वेल गेले, तर ही खोली बंद करणार मी. माझ्यात दम नाही राहिला."

"आधी या पोरांना बंद कर!" मागून मावशीचे यजमान, काका, गरजले. "बाहेरची घाण हीच आणतात आत!"

टिकलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज पाय धुवायचे, एप्रन घालायचा, केस बांधायचे, आणि वर हे ऐकायचं! पण मावशीही म्हणाली, "थोडे दिवस बाहेरच थांबा रे." टिकलीला रडूच कोसळलं.

"रडतेस काय? हे बघ!" बाहेर येताच लंबूनं वही उघडली. "कोळी चारदा आले. चारही वेळा सुरुवात तिसऱ्या ओळीत, दाराजवळच्या वेलावर. आपण तर सगळीकडे फिरतो!"

"मग तिथे कोण थांबतं?" टिकलीनं डोळे पुसत विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं दाराशेजारच्या काचेला नाक लावून उभे राहिले. काका आले. पाय धुणं नाही, एप्रन नाही! आत उकडतं म्हणून त्यांनी स्वेटर काढला आणि तिसऱ्या ओळीत, दाराजवळच, वेल बांधायच्या दोरीला अडकवून ठेवला.

"पण स्वेटरवर कोळी येणार कुठून?" गोट्यानं विचारलं.

टिकली शेजारच्या खोलीतल्या काकांच्या ऑफिसकडे धावली. खिडकीत त्यांचा लाडका गुलाब होता. रोज सकाळी ते त्याला कुरवाळायचे, कुंडी कवेत घेऊन उन्हात सरकवायचे. तिनं पान उलटलं. कोळ्यांची जाळीच जाळी!

काकांनी ऑफिसात येऊन स्वेटर खुर्चीवर टाकला. टिकलीनं तो सरळ उचलला, टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर झटकला आणि मावशीला हाक मारली. कागदावर लालसर कण पडले होते.

"धूळ आहे ती!" काका गुरगुरले.

कण चालायला लागले.

"धुळीला पाय कधीपासून फुटले, काका?" गोट्यानं विचारलं.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. मावशीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते निमूटपणे कुंडी उचलून अंगणाच्या पार टोकाला ठेवून आले. स्वेटर धुण्यात गेला. वेल पुन्हा धुतले, मित्रकिडे पुन्हा सोडले. या वेळी पाय धुऊन, एप्रन घालून काकाही फडकं घेऊन उभे राहिले.

चार दिवस गेले. आठ गेले. पंधराव्या दिवशी मावशीनं तिसऱ्या ओळीतली पानं एकेक करून भिंगाखाली पाहिली. नवी पानं हिरवीगार होती.

"खोली चालू राहणार," ती म्हणाली. मग टिकलीसमोर येऊन थांबली. "आम्ही मोठे हातपाय गाळून बसलो. चोर शोधला तुम्ही आणि बोलणीही तुम्हीच खाल्लीत. मी न विचारता तुम्हाला बाहेर काढलं. चुकलं माझं."

याच क्षणासाठी टिकलीनं चांगली चार झणझणीत वाक्यं पाठ करून ठेवली होती. त्यातलं एकही तिला आठवेना. तिनं मावशीच्या कमरेला घट्ट मिठी मारली.