कंबरेचं खरं माप

टेलरनं शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात ती वाकून आत शिरली. केसांवर पावसाचे थेंब, हातात निळा स्कर्ट आणि चेहऱ्यावर असा राग, की जणू स्कर्ट त्यानंच आटवला होता.

"हा सैल होईल?"

"होईल की. आत शिवणीत माया सोडलेली आहे भरपूर. उद्या आलात तर—"

"उद्या माझा धीर होणार नाही."

माप देता देता तिनं सांगूनच टाकलं. ती शाळेत चित्रकला शिकवायची. कॅन्सरमधून बरी झाली, पण उपचारांत वजन वाढलं, मागोमाग रक्तातली साखर. आता डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, वेळेवर जेवा, झोपा, आणि पोटाचा घेर मोजत राहा.

"घरी आई मोजते... आणि रडते. तुम्ही मोजाल, दर महिन्याला?"

त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि बिचाऱ्याच्या हातातला खडू खाली पडला. मागच्या मशीनवर बसलेली त्याची ताई खुदकन हसली.

मग ती येत राहिली, शाळा सुटल्यावर, मुद्दाम लांबच्या रस्त्यानं चालत. तिनं चहातली साखर सोडली. पाठोपाठ टेलरनंही सोडली.

"तुला रे काय झालंय?" ताईनं विचारलं.

"काही नाही... तब्येत."

"हो, दिसते ना तुझी तब्येत! आत्ताच कोपऱ्यावरून वळली."

एका महिन्यात मात्र टेप तसूभर हलली नाही. ती डोळे गच्च मिटून उभी होती. "सांगा."

"एक इंच कमी!" तो बोलून गेला.

ती इतकी मनापासून हसली, की पुढच्या महिन्यात त्यानं आणखी एक इंच उतरवला.

त्यानंतर ती आली ती दारातच थांबली.

"दवाखान्यात नर्सनं मोजलं आज."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "तुम्ही हसावं म्हणून—"

"आजारात सगळे गोड गोड खोटं बोलले माझ्याशी. वाटलं, एक तुम्ही तरी खरा आकडा सांगता. तुमच्या त्या इंचांवर विसंबून मी चालणं कमी केलं! मला जगायचंय हो..."

ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी टेलरनं एका शर्टाला बाही उलटी जोडली. ताईनं शर्ट त्याच्या हातातून काढून घेतला. "शर्टाचं मी बघते. तू जा."

शाळेच्या फाटकाशी तो उभा राहिला, गळ्यात टेप तशीच. ती बाहेर आली, थबकली.

"चुकलो मी," तो म्हणाला. "आणि आता खरंच बोलायचं, तर... तुम्ही मला फार आवडता. इंच घटला तरी, वाढला तरी. पण आकडा यापुढे खराच सांगेन. तुम्ही रडलात तरीही."

ती शाळेच्या भिंतीआड जाऊन हात वर करून उभी राहिली. या वेळी डोळे उघडे होते.

"मोजा."

त्यानं मोजलं. "पहिल्या दिवसापेक्षा अर्धा इंच जास्त."

तिचे डोळे भरून आले. शब्द मागे घ्यावेत असं त्याला फार वाटलं, पण त्यानं आकडा बदलला नाही.

तिनं नाक पुसलं, त्याच्या गळ्यात टेप पुन्हा नीट अडकवली आणि लांबच्या रस्त्याकडे वळली.

"चल ना," ती म्हणाली. "आणि हे तुम्ही-तुम्ही आता पुरे... तूही मला आवडतोस."