धुतलेला कचरा

सोनचाफा गल्लीचा ढोल थंड पडला होता.

बुधवारी सकाळी ढवळ्याने ही बातमी केतकीला सांगितली. ढवळ्या हा गल्लीचा यंत्रमानव. दारोदारचा ओला कचरा गोळा करायचा, गल्लीच्या तोंडाशी ठेवलेल्या मोठ्या ढोलात टाकायचा आणि ढोल फिरवत त्याचं खत होऊ द्यायचं, हे त्याचं काम. नाशकातल्या प्रत्येक गल्लीत आता असा ढोल होता आणि त्यावर लक्ष ठेवायला दरवर्षी गल्लीतलंच एक मूल ढोलप्रमुख व्हायचं. यंदाचा मान केतकीचा.

"तापमान अठ्ठावीस," ढवळ्या म्हणाला. "हवं पंचेचाळीसच्या वर. शुक्रवारी तपासणीची गाडी येईल. ढोल थंड निघाला तर तो उचलून नेतात आणि मला मोडीत काढतात."

हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की केतकीलाच रडू फुटलं. गेली चार वर्षं तो रोज सकाळी तिला हाक मारून शाळेला उठवायचा.

खरं कोडं पुढेच होतं. ढोल गरम असायचा तेव्हा वास येत नसे. आता लोक नाकाला रुमाल लावून जात होते. आणि गल्ली तर कधी नव्हे इतकी टापटीप झालेली. केतकीच्याच सांगण्यावरून घरोघरी भाज्यांची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा नळाखाली खळखळून धुऊन मगच ढवळ्याच्या हवाली करत. वास वाढला तसं लोकांनी धुणंही वाढवलं. सायगावकर काकू तर हल्ली दोनदा धूत. शिवाय वास पसरू नये म्हणून ढोलाचं झाकण गच्च लावलेलं आणि फिरवणंही बंद ठेवलेलं.

केतकी धावत अप्पांकडे गेली. अप्पा म्हणजे तिचे आजोबा. शेतकी महाविद्यालयात त्यांची सगळी हयात जिवाणूंच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) अभ्यासात गेलेली.

अप्पा तिच्याबरोबर निघाले. ढोलापाशी येऊन त्यांनी तिला हातमोजे दिले. "मूठभर घे आणि पीळ."

केतकीने मूठ आवळली. काळं पाणी ओघळत तिच्या कोपरापर्यंत आलं.

"पिळलेल्या फडक्याइतकीच ओल हवी," अप्पा म्हणाले. "आता सांग, कचरा कुजवतं कोण?"

"जिवाणू."

"ते जिवंत आहेत, म्हणजे त्यांना श्वास लागतो. साली-देठांच्या मधल्या फटींत हवा असते. त्या हवेतला ऑक्सिजन घेऊन ते कचऱ्याचं विघटन करतात (मोठ्या पदार्थांचे लहान लहान घटक सुटे करतात). त्यात ऊर्जा बाहेर पडते आणि ढोल तापतो. पळून आलीस की तुझं अंग तापतं ना, तसंच."

केतकी ओल्या मुठीकडे बघत राहिली. "फटींत पाणी भरलं तर हवा कुठे राहणार?"

"कुठेच नाही. मग हे जिवाणू मागे पडतात आणि दुसरे माजतात. त्यांचं चालतं विनॉक्सिश्वसन (ऑक्सिजनशिवाय होणारं श्वसन). त्यांचं काम संथ, उष्णता फार थोडी आणि वास मात्र भयंकर."

म्हणजे गल्लीने आपल्याच हातांनी ढोलाचं नाक दाबलं होतं. आणि दाबायला सांगितलं होतं ढोलप्रमुखानेच. केतकीचा चेहरा पडला.

"आता काय करायचं, अप्पा?"

"वाळका पालापाचोळा आण. पुठ्ठा फाडून घाल. तो पाणी शोषेल, फटी उघड्या ठेवेल."

"सुकं? ओल्यात?" केतकी दचकली. बालवाडीपासून तिला एकच गोष्ट शिकवलेली होती, ओला वेगळा, सुका वेगळा. ढवळ्यानेही दोन्ही हात झाकणावर आडवे धरले.

"ओल्यात सुकं टाकणं हा नियमभंग आहे."

"अरे, नियम कशासाठी केला?" अप्पा म्हणाले. "प्लास्टिक, काच, पत्रा खतात जाऊ नये म्हणून. ते जिवाणूंना खाता येत नाही. पुठ्ठा तर झाडापासूनच झालाय."

ढवळ्याने हात थोडे खाली घेतले. "ढोलप्रमुखाने जबाबदारी घेतली तर उघडीन. पण चुकलं तर ढोलप्रमुखपदावरून तुझं नाव जाईल."

"जाऊ दे," केतकी म्हणाली. ती पाचोळा आणायला पळाली.

दुपारभर पाचोळा, पुठ्ठा, सुताराकडचा लाकडाचा भुसा ढोलात पडत होता आणि ढवळ्या ढोल फिरवत होता. संध्याकाळी केतकी घरोघर गेली. सायगावकर काकूंनी कमरेवर हात ठेवले. "तूच सांगितलंस ना धुवा म्हणून?"

"हो काकू. माझं चुकलं. आता नुसतं निथळून द्या."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि घरातल्या खोक्यांचा गठ्ठाच तिच्या हातात दिला.

गुरुवारी संध्याकाळी काटा एकतिसावर होता. केतकीला जेवण गेलं नाही. शुक्रवारी सकाळी एकोणचाळीस. आणि गाडी आली ती दुपार व्हायच्या आधीच.

तपासणीच्या गायधनी बाईंनी ढवळ्याचा आकडा बघितला. "चव्वेचाळीस. पंचेचाळीस लागतं, बाळ."

केतकीने ढोलाच्या कडेच्या तापमापकाकडे पाहिलं. तेवढ्यात तिला काहीतरी सुचलं. "बाई, ढवळ्याचा तापमापक ढोलाच्या कडेला आहे. कडेची उष्णता बाहेर निघून जाते. मधे बघाल का?"

"मी मधेच बघते. दुसऱ्याच्या आकड्यावर मी कधी सही करत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लांब सळईचा तापमापक काढला.

ढवळ्याने झाकण उचललं. आतून वाफेचा लोट वर आला. पावसानंतरच्या जंगलात येतो तसा वास सुटला. बघायला आलेल्या सायगावकर काकूंनी नाकावरचा पदर खाली घेतला. सळई आत गेली, काटा चढत गेला आणि बावन्नावर थांबला.

"चालू ठेवा," बाई एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या गल्लीकडे निघाल्या.

केतकी ढवळ्याच्या पत्र्याच्या हाताला बिलगून चांगली हमसून रडली.

संध्याकाळी ती अप्पांशेजारी ढोलाला टेकून बसली. पाठीला छान ऊब लागत होती. वर चंद्र आला होता.

"अप्पा, चंद्रावरच्या मातीत जिवाणू असतात?"

"नाहीत. तिथे पीक घ्यायचं तर ते इथूनच न्यावे लागतील."

केतकीने जरा विचार केला. "मग मी जाईन तेव्हा या ढोलातलं मूठभर नेईन. पण आधी पिळून बघेन."

"सुकं विसरू नकोस," ढवळ्या म्हणाला आणि त्याने ढोल फिरवायला घेतला.