तेराव्या पायरीची ओ

वालनेरच्या खोऱ्यात माणूस ऐन हिवाळ्यात मेला, तर मे महिन्यापर्यंत तो घरीच राहतो. माती इतकी गोठलेली असते की कुदळ हातातून उडते. मग मेलेल्याला जाड कापडात गुंडाळायचं, उत्तरेकडच्या छपरावर बर्फात ठेवायचं आणि कावळ्यांपासून राखायला वर फळ्या टाकायच्या. उमरावालासुद्धा यातून सुटका नाही. त्या वर्षी नाताळ उलटून तीन आठवडे झाले आणि म्हातारे उमराव बोसो गेले. किल्ल्याच्या छपरावर त्यांची सोय झाली, खाली त्यांची खुर्ची रिकामी झाली. जुना उमराव जमिनीत गेल्याशिवाय नवा होत नाही, असा तिथला रिवाज. त्यामुळे चार महिने खोऱ्याला धनीच नव्हता, आणि लोकांनी या संधीचं सोनं केलं. राखीव रानातली चाळीस झाडं कुणी तोडली ते आजतागायत कळलेलं नाही.

मेर्मेला मात्र याच चार महिन्यांत काम होतं. तो चर्चचा घंटावाला, आणि बापापासून चालत आलेला पुकारा त्याच्याकडे होता. चर्चखाली उमरावांच्या घराण्याचा जिना आहे. एकेका उमरावाची एकेक पायरी. गादीवर येताना त्याने त्या पायरीवर उभं राहायचं आणि मेल्यावर तिच्याखालीच झोपायचं. दफनाच्या दिवशी पुकारणारा वरच्या पायरीवरून सुरुवात करतो. नाव घ्यायचं, एक श्वास थांबायचं. ओ आली नाही की तो गेला असं धरायचं आणि पुढच्या पायरीवर उतरायचं. सगळ्यांत खाली, नव्या पायरीवर, नवा उमराव उभा असतो. त्याचं नाव घेतलं की तो ‘ओ’ म्हणतो. त्या एका अक्षराने तो उमराव होतो, आणि वर त्या दिवसापुरता दोर धरलेला माणूस घंटा वाजवतो.

नियम एकच. ज्याने ओ दिली, त्याच्यापुढचं नाव घ्यायचं नाही. घेतलं, तर जिवंत माणसाला आपणच मेलेल्यांच्या रांगेत लोटलं असं होतं.

या खेपेला बारा नावं मेलेल्यांची होती आणि तेरावं लांतेल्मचं. बोसोंचा वारस लांतेल्म बावीस वर्षांचा. तो जन्मला त्या आठवड्यात मेर्मेची मुलगी गेली होती, आणि मेर्मेच्या बायकोचं, पेरोनचं, दूध त्या पोराला मिळालं. त्यामुळे किल्ल्यातला वारस घंटावाल्याच्या चुलीपाशी वाढला, तिथंच बोलायला शिकला, आणि मोठा झाल्यावरही जेवायला तिकडेच येई. मेर्मे आणि पेरोनला दुसरं कुणी नव्हतं. मेर्मे त्याला चारचौघांत ‘धाकले धनी’ म्हणे, पण मनातून तो त्याला आपलाच मुलगा मानत होता, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

उपासाचे दिवस लागले तसा मेर्मे दुपारी लाकडांच्या खोपीत जाऊन उजळणी करू लागला. नाव, श्वास, नाव, श्वास. दारातून डोकावून लांतेल्म त्याची फिरकी घेई. “मेर्मेबाबा, माझं नाव जरा मोकळ्या गळ्यानं घ्या. घशात चीज अडकल्यासारखं काय घेता?”

मार्चच्या एका दुपारी मेर्मेने तेरावं नाव घेतलं, श्वास सोडला, आणि त्याची जीभ आपोआप पुढे गेली. “पिएर,” तो म्हणाला.

घराण्यात कुणी पिएर नव्हता. पिएर हे मेंढपाळांचं नाव. म्हातारपण आलं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्याने बाराव्या नावावरच थांबायचं ठरवलं, तरी पुढची दोन्ही नावं धावत आली.

शेवटी त्याने पेरोनला सांगितलं. ती पातेलं घासत होती. तिचा हात थांबला.

“हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. म्हणून तर तुला विचारतोय.”

तेव्हा तिने सांगितलं. लांतेल्मच्या बायकोला, इझाबोला, दिवस गेले होते. काल तिने हे फक्त पेरोनच्या कानात सांगितलं होतं, नवऱ्यालाही अजून नाही. मुलगा झाला तर आपल्या आजोबांचं नाव ठेवायचं, असं तिच्या मनात होतं. आजोबा पिएर मेंढ्या राखत.

मेर्मेने पाद्र्याकडे जाऊन आवाज बसल्याची सबब सांगून पाहिली. पाद्री म्हणाला, आवाज बसला असेल तर कुजबुजत पुकार, पण पुकार. लांतेल्मचा घाटापलीकडचा चुलतभाऊ टपूनच होता. मेअखेर खुर्ची भरली नाही, तर ती त्याचीच. मेर्मे परत आला आणि त्याने ठरवलं, की तेरावं नाव घेतलं की जीभ दातांत धरायची.

दफनाच्या आदल्या दिवशी तो झाडलोट करायला जिन्यात उतरला. पाथरवट निकोने नवी पायरी बसवली होती. मेर्मेने सवयीने पायऱ्या मोजल्या. चौदा भरल्या. शेवटची बुटकी होती, जेमतेम वीतभर उंच. तो निकोला घेऊन आला. निकोने कंदील खाली धरला, हात फिरवून पाहिला.

“ही माझी नाही,” तो म्हणाला. “ही जुनी दिसते. बघ, मधोमध झिजलीये.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळं खोरं चर्चमध्ये लोटलं. बोसोंना बाराव्या पायरीखाली ठेवलं. मग मेर्मेने पुकारा सुरू केला. बारा वेळा नाव घेतलं, बारा वेळा शांतता आली. तेराव्या पायरीवर लांतेल्म नव्या अंगरख्यात उभा होता. मेर्मे खाली आला तसा त्याने हळूच डोळा मारला.

“लांतेल्म,” मेर्मेने हाक दिली, आणि जीभ दातांत धरली.

लांतेल्मचे ओठ हलले. मेर्मेला आवाज आला नाही. तोंडात रक्ताची चव आली, तरी त्याने जीभ सोडली नाही. एक श्वास गेला. वर घंटा वाजू लागल्या, लोक आनंदाने एकमेकांना मिठ्या मारू लागले.

घरी आल्यावर त्याने पेरोनला विचारलं, “ओ ऐकू आली तुला?”

“आली की. सगळ्यांना आली.” पेरोनने डोक्याचा रुमाल सोडला, त्याची घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली. “पण त्याची नव्हती हो. त्याचा आवाज मला कळत नाही का? ती खालच्या पायरीवरून आली. बारीक आवाज होता.”

त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. लांतेल्म चांगला उमराव निघाला. त्याने रान पुन्हा लावायला घेतलं. मेर्मे आणि पेरोन त्याला आग्रह करकरून जेवू घालत, आणि तो म्हणे, दूधआई, मला कापायला काढलंय का? नोव्हेंबरमध्ये इझाबोला मुलगा झाला. त्याचं नाव पिएर ठेवलं.

डिसेंबरात लांतेल्म चुलतभावाशी कुरणांचा वाद मिटवून परत येत असताना घाटात बर्फाचा कडा सुटला. दोन दिवसांनी त्याला आणलं. तोंड थोडं उघडं होतं, काहीतरी बोलता बोलता राहिल्यासारखं.

तो छपरावर गेला. पेरोन रोज सकाळी शिडी चढून वर जाई आणि फळ्यांवरचं नवं बर्फ हातांनी झाडी. गुडघे दुखत, तरी ती कुणाला करू देत नसे. मेर्मे खाली शिडी धरून उभा राही आणि रडू येई तेव्हा रडे. खोपीत त्याने उजळणी केलीच नाही. या वेळी चौदाही नावं घ्यायचीच होती, आणि ती त्याला पाठ होती.

मे आला. माती सुटली. तेरावी पायरी उचलून लांतेल्मला खाली ठेवलं, दगड परत बसवला. निकोला नवी पायरी घालावी लागली नाही. बुटक्या पायरीवर इझाबो सहा महिन्यांच्या पोराला घेऊन उभी राहिली. पोरगं इतकं लहान असलं, की ओ आईने द्यायची. पेरोन तिच्या मागे भिंतीला टेकून होती.

मेर्मे एकेक पायरी उतरला. बोसोंच्या नावाला शांतता आली.

तो तेराव्या पायरीवर आला. दगडाखालची माती अजून बसली नव्हती, पायाखाली पायरी जराशी हलली.

“लांतेल्म,” त्याने मोकळ्या गळ्याने हाक दिली.

तो थांबला.

“ओ,” पायाखालून आवाज आला.

आवाज ओळखीचा होता. चुलीपाशी बसून हाकेला द्यायचा, तसाच. वर्षभरापूर्वी दिलेला, आत्ता पोचलेला.

मेर्मेने मान उचलून पाहिलं. लोक वाट बघत होते. इझाबो वाट बघत होती. कुणाच्या चेहऱ्यावर काही ऐकल्याची खूण नव्हती. पाद्री खाकरला.

ओ दिलेल्याच्या पुढचं नाव घेत नाहीत.

खुर्चीचा प्रश्न होता. पोराचा प्रश्न होता. पाद्री पुन्हा खाकरला.

“पिएर,” मेर्मे म्हणाला.

इझाबोने ओ दिली. घंटा वाजल्या.

संध्याकाळी पेरोनने सूप वाढलं. दोन वाडगे भरले, मग फडताळातून तिसरा काढला आणि तोही भरून ठेवला. मेर्मेने तिच्याकडे पाहिलं. ती पाव मोडत होती.

“त्यानं ओ दिली होती,” ती म्हणाली. “तुम्ही जरा थांबायचं होतं.”

बाहेर छपरावरून उरलंसुरलं बर्फ वितळून पडत होतं. ते दोघं जेवायला बसले, आणि तिसऱ्या वाडग्यातलं सूप निवेपर्यंत तिने दाराला कडी लावली नाही.