धरून ठेवलेला उजेड

बारामतीच्या आमच्या प्रयोगशाळेत एक रंग होता. पातळ पाण्यात टाकला तर काही दिसायचं नाही. दाट वस्तूत कालवला की खास दिव्याखाली हिरवा उजळायचा. त्याचा कण मोकळा फिरला की विझतो, कशानं धरून ठेवला तरच पेटतो. एवढंच शास्त्र, बाकी सगळी माझी मिजास.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तो घेऊन मी इंदापूरकडे सर्जेरावांकडे गेलो. धरणाचं पाणी हटलं की त्यांच्या बुडालेल्या गावाचा म्हसोबा गाळातून वर येतो. घरच्या बाईनं अनवाणी जाऊन त्याला नैवेद्य दाखवायचा. आदल्या वर्षी त्यांची बायको कुशाबाई तशी जाताना गाळात गेली, ती सापडलीच नाही. यंदा पाळी सुनेची, स्वरूपाची.

"पोरीला पेलंल असा दाट गाळ कुठं हाय, तेवढं सांगा," सर्जेराव म्हणाले. "नसंल तर देव उपाशी ऱ्हाईल. पर हिला न्हाय पाठवणार."

फळीवर पालथा पडून मी जागोजाग गाळात रंग कालवला आणि सर्जेरावांची घोंगडी डोक्यावर ओढून दिव्यानं बघत सरकलो. आत मेंढरांचा आणि कुजक्या शेवाळाचा वास कोंडला होता. सगळीकडे काळोखच. मग कुशाबाई गेली त्याच जागी गाळ लख्ख हिरवा झाला. हात घातला, तर ताकासारखा पातळ. माझं डोकंच चालेना. खोटा कोण, हात की दिवा?

"उजेड दिसला का?" काठावरून स्वरूपानं विचारलं.

"दिसला… पण…"

ती ताट घेऊन निघालीसुद्धा. माझ्या शेजारून, त्या ताकावरून, चालत गेली. नैवेद्य ठेवून तशीच परत आली.

"आबा, खालनं कुणीतरी पाय धरून पुढं सरकवत हुतं… आत्याबाईच असत्याल."

सर्जेरावांनी कुशाबाईच्या नावानं हात जोडले. माझेही डोळे भरून आले, का ते कळेना.

रंग अंगावर राहू नये म्हणून मी तिला पाय चोळून धुवायला लावले. मग स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात ठेवायला सांगून वर घोंगडी धरली आणि दिवा लावला. नुसतं पाणी. काहीच दिसायला नको होतं.

दोन्ही घोट्यांभोवती बोटं उमटली होती. हिरवी.

"पाय जड लागत्यात, आबा…" ती हळूच म्हणाली.

मी बघत होतो, तसा तो हिरवा रंग आणखी लख्ख होत गेला.